सातची शिफ्ट

तळेगावच्या मैत्री सोसायटीत ज्ञानदेवांना नावानं कुणी ओळखत नसे. स्टेशनवर रिक्षा केली आणि 'माकडवाले काका' म्हटलं की रिक्षावाला न विचारता सहा नंबरच्या रो-हाऊससमोर आणून सोडायचा. या नावाचा खरं तर राग यायला हवा, पण ज्ञानदेव मनातून खूश असायचे. माणूस सत्तावीस वर्षं प्रेसशॉपमध्ये पत्रे ठोकतो, मग घरी बसतो, आणि मग त्याला कुणी विचारत नाही. यांना निदान माकडं तरी विचारत होती.

सुरुवात झाली ती एका शनिवारी. मारुतीच्या देवळातून आणलेला नारळाचा तुकडा त्यांनी मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवला आणि डोंगराकडून आलेल्या एका माकडानं तो उचलला. पुढच्या शनिवारी तीन आली. शनिवारचं रोजचं कधी झालं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पाच वर्षांत सगळं शिस्तीत बसलं होतं. सकाळी बरोबर सातला ज्ञानदेव मागच्या दारात स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन उभे राहायचे. ताटावर तीन टोले हाणायचे आणि खच्चून ओरडायचे, "चला, शिफ्ट लागली, या."

ते ताटही साधंसुधं नव्हतं. चिंचवडच्या कंपनीत पंचवीस वर्षं भरली तेव्हा मिळालेलं, मागं त्यांचं नाव आणि 'प्रदीर्घ सेवेबद्दल' असं कोरलेलं. सुमनताईंनी ते कपाटात जपून ठेवलं होतं, पाहुण्यांनासुद्धा त्यात कधी वाढलं नव्हतं. ते माकडांच्या कामी आलं तेव्हा त्या दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

टोले पडले की चौदा माकडं भिंतीवर हजर. ज्ञानदेवांनी त्यांना पदं वाटून दिली होती. टोळीचा दांडगा नर 'मॅनेजर', कारण तो सगळ्यांत आधी खायचा आणि उरलेल्यांवर डोळे वटारायचा. दोन 'सुपरवायझर'. पिल्लं सगळी 'ट्रेनी'. एका माकडिणीला मात्र पद नव्हतं. तिचा उजवा पंजा कुठंतरी विजेच्या तारेत जळून गळून पडला होता. तिला ते नुसतं 'थोटी' म्हणायचे. ती कधी हिसकून घ्यायची नाही. बाकीच्यांचं आटोपलं की खाली उतरायची, तो थोटा हात ज्ञानदेवांच्या गुडघ्यावर ठेवायची आणि डाव्या हातानं एक एक शेंगदाणा उचलायची. यंदा तिच्या पोटाला पिल्लू होतं. मागच्या हनुमान जयंतीला मुलानं, प्रज्वलनं, या सगळ्याचा व्हिडिओ काढला, ताटाच्या टोल्यांसकट आणि आरोळीसकट. ज्ञानदेवांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि पुढचे आठ दिवस कुणी कुणी काय लिहिलं ते भेटेल त्याला वाचून दाखवलं.

मग सुमनताईंचे गुडघे पार गेले. रो-हाऊसचे जिने झेपेनात. पिंपळे सौदागरला प्रज्वलचा फ्लॅट, सातवा मजला, पण लिफ्ट. अक्षय्य तृतीयेला तिकडं जायचं ठरलं.

ही बातमी कळली त्या संध्याकाळी सोसायटीचा चेअरमन धनेश घरी आला. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत होता, मुलगा सरळ, पण प्रत्येक गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"काका, तुम्ही जाल," तो म्हणाला, "पण ही मंडळी सातला येणारच. ताट वाजलं नाही, तर ती कुणाच्या स्वयंपाकघरात शिरतील?"

ज्ञानदेवांनी या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. पाच वर्षांत एकदाही नाही.

धनेश वनखात्यातल्या एका ओळखीच्या गार्डशी बोलून आला होता. एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्यानं करायचं. आधी ताट बंद, मग ठरावीक वेळ बंद, मग एक दिवसाआड, मग निम्मं, मग काहीच नाही. सहा आठवडे लागतील. तोवर डोंगरात उंबर पिकेल, पाठोपाठ करवंदं येतील, माकडं आपली आपण वर जातील. "फक्त मधे कुणी एकदाही चुकायचं नाही," धनेश म्हणाला. "एकदा चुकलं की पहिल्यापासून."

"आणि नाहीच गेली तर?"

"मग पिंजरा. परवानगी काढून पकडतात, लांब घाटात नेऊन सोडतात. पण सगळी एकदम सापडत नाहीत, काका. आई इकडं, पिल्लू तिकडं, असं होतं. आणि तिथली टोळी नव्यांना जगू देत नाही म्हणतात. तेवढं टाळू."

धनेशनं छापून आणलेला तक्ता ज्ञानदेवांनी फ्रिजवर चिकटवला. आणि हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, त्यांनी तो इमानदारीनं पाळला. ताट कपाटात गेलं. कधी नऊला, कधी चारला, कधी नाहीच, असं ते मुकाट्यानं दाणे ठेवून आत येऊ लागले. सातला भिंतीवर बसलेली माकडं खिडकीतून दिसायची तेव्हा ते अंघोळीला जायचे.

हा तक्ता त्यांना दुसऱ्या बाजूनं ठाऊक होता. आधी ओव्हरटाइम बंद, मग एक शिफ्ट बंद, मग आठवड्याला तीन दिवस काम. चिंचवडची त्यांची कंपनी अशीच आटत गेली होती. आणि शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना जिलेबीचं जेवण दिलं. पोरं खूश झाली, वाटलं, काहीतरी मिटलं. दुसऱ्या दिवशी सातला गेटला कुलूप. ज्ञानदेव त्यानंतर एकोणीस दिवस डबा घेऊन सातला त्या गेटसमोर जाऊन उभे राहत होते. सुमनताईंना सांगितलं नव्हतं. डबा ते गेटसमोरच खायचे. सोडायचं तर सरळ सोडा, जिलेबी कशाला चारता, असं ते पुढं कितीतरी वर्षं म्हणत.

पाचव्या आठवड्यात भिंतीवर चारच माकडं आली. सहाव्यात एकही नाही. डोंगरावरून कधीमधी आवाज यायचा, तेवढाच. धनेशनं ग्रुपवर 'काकांचे अभिनंदन' असं टाकलं. शेजारच्या सोजरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "बरं झालं बया, गेली एकदाची आपल्या घरी." सोजरबाई मूळच्या तळेगावच्याच, सोसायटी उभी राहिली ती जमीन त्यांच्या सासऱ्याची. सात नंबरात एकट्या राहायच्या, शिळ्या भाकरी गाईला घालायच्या आणि उन्हाळ्यात कुरडया करून सगळ्या गल्लीला वाटायच्या.

ज्ञानदेवांनाही बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना लागलं. पाच वर्षं खाऊ घातलं आणि पाच आठवड्यांत विसरली? थोटीसुद्धा? आपण विसरावं म्हणूनच सगळा खटाटोप केला आणि आता विसरली म्हणून रुसून बसलो आहोत, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

जायला तीन दिवस उरले. सुमनताईंना प्रज्वल आधीच घेऊन गेला होता. घरात खोकी, सुतळी आणि ज्ञानदेव. सकाळी ताट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं आणि घड्याळात पाहिलं, तर सात. उलथनं अजून बांधलं नव्हतं. त्यांनी मागचं दार उघडलं. एकदाच, फक्त बघायला, असं स्वतःला सांगितलं आणि तीन टोले हाणले.

दहा मिनिटं काही नाही. मग झाडं हलली. चौदाच्या चौदा. मॅनेजर, सुपरवायझर, ट्रेनी, सगळी. ज्ञानदेवांच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरात होते नव्हते ते शेंगदाणे त्यांनी दोन्ही बरण्यांतून ओतले. थोटी शेवटी आली, गुडघ्यावर हात ठेवला आणि पिल्लानं पहिल्यांदाच आईचं पोट सोडून ताटात हात घातला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानातून दाणे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे टेम्पो यायच्या दिवशी, ते जिलेबी घेऊन आले. जाताना कुणाला उपाशी ठेवून जायचं का, घरचा गडी निघाला तरी आपण त्याच्या हातावर गोड ठेवतो, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. जिलेबीवरून दुसरं काही त्यांना आठवलं नाही. त्या सकाळी तरी नाही.

सोजरबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्या कठड्याशी आल्या.

"भाऊ, बंद केलं व्हतं न्हवं?"

ज्ञानदेव दचकले. जिलेबीचा पाक बोटांना लागला होता. "शेवटचंच आहे, सोजरबाई. आता काय, मी चाललोच की. कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलतीया," सोजरबाई म्हणाल्या आणि कुरडयांकडं वळल्या.

पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये सकाळी सातला काहीच होत नाही. खालून फक्त गाड्यांचे हॉर्न. चौथ्या दिवशी ग्रुपवर पहिला फोटो आला. सहा नंबरच्या मागच्या भिंतीवर ओळीनं चौदा माकडं, बंद दाराकडं तोंड करून. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'काकांची वाट पाहतायत', आणि हसणारी तोंडं. ज्ञानदेवांनीही एक हसणारं तोंड पाठवलं. मग त्यांना तो फोटो पुन्हा उघडवेना. त्या दारासमोर कोण कसं बसतं, हे या जगात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पुढच्या आठवड्यात फोटोंखालची हसणारी तोंडं संपली. माकडांनी खिडक्यांच्या जाळ्या फाडल्या. नऊ नंबरात फ्रिज उघडला. सोजरबाईंच्या गच्चीवरच्या कुरडया गेल्या आणि माकडांना हाकलायला त्या काठी घेऊन धावल्या, तर जिन्यात पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर.

त्या संध्याकाळी धनेशचा फोन आला.

"काका, आपलं सगळं बरोबर चाललं होतं. सहाव्या आठवड्यात एक माकड नव्हतं. मग अचानक काय झालं? कुणीतरी खायला घातलंय, हे नक्की. तुमच्या काही पाहण्यात आलं होतं का?"

हाच तो क्षण होता. 'मी' एवढं एक अक्षर म्हणायचं होतं. ज्ञानदेव बाल्कनीत उभे होते, आत सून रश्मी आणि प्रज्वल टीव्ही बघत होते, आणि ग्रुपवर आपलं अभिनंदन झालं होतं ते त्यांना आठवलं.

"मला काय माहीत," ते म्हणाले. मग गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "सोजरबाई शिळ्या भाकरी टाकतात बघ. गाईला म्हणून."

"वाटलंच मला," धनेश म्हणाला. "आणि विचारलं तर खाली मान घालून बसल्या. हो नाही, नाही नाही."

खाली मान घालून बसल्या. ज्ञानदेवांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते. कुणाला बोलू नका म्हटलं होतं, आणि ती बाई मोडका हात घेऊन चारचौघांत बसली, तरी बोलली नव्हती.

दोन दिवसांनी ग्रुपवर आलं, 'सोजरआज्जींना कमिटीतर्फे समज देण्यात आली आहे. परंतु त्या ऐकतील अशी खात्री नसल्याने पिंजरा मागवण्याचा निर्णय झाला आहे.' खाली अठ्ठावीस अंगठे. ज्ञानदेवांनी अंगठा दिला नाही. एवढाच काय तो त्यांचा पुरुषार्थ.

पिंजऱ्याच्या आदल्या दिवशी धनेशनं पुन्हा फोन केला. "काका, उद्या ताट घेऊन याल का? माकडं तुमच्या आवाजाला येतात. पटकन आटोपेल."

"बीपी वाढलंय रे," ज्ञानदेव म्हणाले. तेही खोटंच.

"मग राहू द्या. तुमचा व्हिडिओ आहे ना ग्रुपवर. मोठा स्पीकर लावतो. तुम्ही आराम करा."

फोन ठेवून वळले, तर सुमनताई वॉकर धरून मागं उभ्या.

"दोन्ही बरण्या रिकाम्या आल्या," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, पिशवी फाटली टेम्पोत. टेम्पोत एक दाणा नव्हता. मी तेव्हाच समजले होते. म्हटलं, आपणहून सांगतील."

ज्ञानदेव फोनची काच सदऱ्याला पुसत राहिले.

"मी पडून होते तेव्हा त्या बाईनं महिनाभर डबा दिला आपल्याला. त्याच हातावर आता प्लास्टर आहे. अहो, लाज वाटू द्या थोडी. उद्या पहिल्या लोकलनं जा आणि चारचौघांत सांगून या."

लाज वाटत होती. तीच तर अडचण होती. लाज वाटत होती म्हणूनच तोंड उघडत नव्हतं, आणि उघडत नव्हतं म्हणून ती रोज वाढत होती. सकाळी त्यांनी ताट आणि पावशेर दाणे पिशवीत घातले. ताट कशाला, ते त्यांना स्वतःलाच कळलं नाही.

कासारवाडीला लोकल अर्धा तास उशिरा आली. तळेगावला रिक्षातून उतरले तेव्हा सात वाजून गेले होते. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

टण्, टण्, टण्. चला, शिफ्ट लागली, या.

स्पीकरवर तो आवाज जाडाभरडा, उसना आनंद आणल्यासारखा वाटत होता. व्हिडिओ संपला की धनेश पुन्हा लावायचा. चला, शिफ्ट लागली, या. ज्ञानदेवांना वाटलं, इथूनच मागं फिरावं. पाय पुढं जात राहिले.

त्यांच्याच अंगणात माणसाच्या उंचीचा जाळीचा पिंजरा उभा होता. आत केळी, आणि बारा माकडं केळी टाकून जाळीवर चढत उतरत किंचाळत होती. मॅनेजर निसटून डोंगराकडं पळाला होता. बाराव्या माकडाकडं ज्ञानदेवांनी पाहिलं, तर ते थोटीचं पिल्लू. इतर पिल्लांबरोबर आत शिरलेलं. थोटी बाहेर, शेवग्याच्या झाडावर. ती एकदा स्पीकरकडं बघायची, एकदा पिल्लाकडं, आणि खाली यायची नाही.

"बरं झालं काका, आलात," धनेश धावत आला. "देवानंच पाठवलं तुम्हाला. ती एक मोबाईलला फसत नाहीये."

पकडायला आलेल्या दोघांत ज्योतीराम म्हणून वयस्क माणूस होता. त्यानं लहान पिंजरा पुढं ओढला. "एकटी राहिली तर कुत्री फाडतील तिला, बाबा," तो म्हणाला. "आन् पिल्लू तिच्याबिगर दोन दिस काढायचं न्हाई. बोलवा तेवढं."

ज्ञानदेव सांगायला आले होते. तोंडात वाक्य तयार होतं. पण पिल्लू ओरडत होतं, सगळे घाई करत होते, आणि त्यांनी मनाशी म्हटलं, आधी हे होऊ दे, मग सांगू. सांगायचं पुढं ढकलायला त्यांना याही वेळी कारण सापडलं, तेही चांगलं, कुणीही मान्य करील असं.

ते लहान पिंजऱ्याजवळ मांडी घालून बसले. ताट काढलं. उलथनं नव्हतं, म्हणून किल्लीनं तीन टोले मारले. "चला," ते म्हणाले. पुढचं म्हणवेना.

थोटी उतरली. माणसं होती, पिंजरा होता, किंकाळ्या होत्या, तरी ती सरळ चालत आली आणि तिनं तो थोटा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ज्ञानदेवांनी दाणे ताटात ओतले आणि ताट हळूच पिंजऱ्यात सरकवलं. तिनं पिंजऱ्याकडं पाहिलंच नाही. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि ताटामागं आत गेली. ज्योतीरामनं दार सोडलं. दार पडलं तरी ती पाठमोरी बसून, डाव्या हातानं, एक एक दाणा उचलत होती.

ज्ञानदेवांना उठता येईना. धनेशनं काखेत हात घालून उठवलं.

दोन्ही पिंजरे पिकअपमध्ये चढले. "ताट काढून देऊ का?" ज्योतीरामनं विचारलं. ज्ञानदेवांनी मान हलवून नको म्हटलं. गाडी गेली. गल्लीतली माणसं टाळ्या वाजवून आपापल्या घरी निघाली. सोजरबाई आपल्या पायरीवर गळ्यात हात बांधून बसल्या होत्या. धनेश त्यांच्याकडं वळला.

"आज्जी, झालं ते झालं. पण आता तरी कुणाला खाऊ घालू नका. तुमच्यामुळं काकांना या वयात हे करावं लागलं."

सोजरबाईंनी ज्ञानदेवांकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं.

"त्यांनी नाही घातलं," ज्ञानदेव म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "धनेश, त्यांनी नाही. मी घातलं. शेवटचे तीन दिवस. ताट वाजवून. शेवटच्या दिवशी जिलेबी घातली. यांनी पाहिलं होतं, मीच बोलू नका म्हटलं. आणि फोनवर तुला खोटं सांगितलं."

जाणारी दोनचार माणसं थांबली.  धनेशला राग आला असता तर बरं झालं असतं. तो हिशेब मांडत असावा तसा हळूहळू बोलला.

"काका, तुम्ही तर गेलाच होता इथून. घालणाराच गेला, तर मग राहिलं काय? आम्ही पुन्हा पहिल्यापासून सहा आठवडे काढले असते. ती गेली असती वर. एकदा गेली होतीच की." त्यानं सोजरबाईंकडं पाहिलं. "आज्जी इथंच राहणार, घालतच राहणार, म्हणून तर पिंजरा मागवला मी. तुम्ही त्या दिवशी फोनवर सांगितलं असतं, तर मागवलाच नसता."

ज्ञानदेवांनी गाडी गेली त्या रस्त्याकडं पाहिलं. तिथं आता काही नव्हतं. "फोन कर ना त्यांना," ते म्हणाले. धनेशनं फोन लावला, ज्योतीरामशी दोन शब्द बोलला आणि ठेवला.

"पकडलेली इथं परत सोडायची परवानगी नाही, म्हणतात."

मग त्यानं वाकून सोजरबाईंच्या पायांना हात लावला, माफी मागितली आणि स्पीकर उचलून निघून गेला. ज्ञानदेवांना काय करावं ते कळेना. तेही वाकले, पण सोजरबाईंनी पाय मागं घेतले.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "मला बोल लागला त्याचं काय न्हाई. माझा हात सांधल. तुमी बोलणार, ह्ये मला ठाव व्हतं, म्हणून मी गप बसले. पर गाडी गेल्यावर बोलाल, आसं न्हवतं वाटलं मला."

त्या एका हातानं भिंत धरून उठल्या आणि आत गेल्या. ज्ञानदेव रिकामी पिशवी घेऊन सहा नंबरच्या बंद फाटकापाशी बराच वेळ उभे राहिले.